न दिसणाऱ्या अंकांची दवंडी

मे महिन्यात स्वेटर घालून हिंडणारा माणूस सोलापुरात मी एकच पाहिला. बिनबाह्यांचा, करड्या रंगाचा, एका कडेला उसवलेला स्वेटर. डांबर मऊ पडलेलं, कुत्री उभ्या गाड्यांखाली जिभा काढून पडलेली, आणि हे गृहस्थ पुणे रस्त्यानं भर दुपारी स्वेटर घालून माझ्या खानावळीत जेवायला यायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, हिवताप आहे. मी विचारलं, पेज करून देऊ का? तर म्हणाले, ताप न्हाय, आमची खोली गार असते.

खोली म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयातली संगणकांची खोली. यंत्रं तापू नयेत म्हणून तिथं एसी लावलेला. मग बाहेर पडताना स्वेटर काढावा की माणसानं. पण त्यांचं म्हणणं असं, की काढला की कुठंतरी विसरतो, विसरला की दुसऱ्या दिवशी सर्दी होते, त्यापेक्षा घाम बरा. त्यांचं प्रत्येक गोष्टीचं असं होतं. ऐकायला मूर्खपणा वाटायचा, आणि वाद घालायला गेलं की कुठं धरावं ते सापडायचं नाही.

ते तिथले ग्रंथपाल. मूळ नातेपुत्याचे. बायको तिकडेच शाळेत शिकवायची, म्हणून हे इथं खोली करून एकटे. शनिवारी एसटीनं गावी, सोमवारी सकाळी परत. माझी खानावळ विद्यापीठाच्या अलीकडं, रस्त्याला लागून. आमचे मालक गिरणीत होते, गिरणी बंद पडली, मग मी ताटं वाढायला लागले. जेवायला येणारी बहुतेक पोरं-पोरी पीएच.डी. करणारी. मी स्वतः चौथीपर्यंत शिकले. वाचता येतं, लिहिता येतं, हिशोब येतो. त्याच्यापुढं मला कधी काही लागलं नाही.

सरांची खानावळीतली मुख्य ओळख स्वेटरामुळं नव्हती, दवंडीमुळं होती. ताट पुढ्यात आलं की ते एक घास खायचे, पाणी प्यायचे, आणि उभं राहून सांगायचे, "मृदाशास्त्राचा नवा अंक आलाय. एक लेख चुनखडीच्या जमिनीवर हाय, आपल्याकडं तसली जमीन लई हाय. एक गांडुळावर हाय. बाकीचे मला कळले न्हायत." आणि खाली बसून आमटी ओरपायला लागायचे. दुसऱ्या दिवशी रसायनशास्त्र. तिसऱ्या दिवशी कापड रंगवण्याचं काहीतरी. पोरं हसायची. एक लातूरकडचा पोरगा होता, तो रोज विचारायचा, "सर, गांडुळाची तब्येत कशी हाय?" सर त्याला गंभीरपणे सांगायचे, की गांडूळ कोरड्या जमिनीत खोल जातं, म्हणून मरत नाही, आणि तूही उन्हाळ्यात जरा खोल जा, वाच.

मी एकदा सरळ विचारलं, की हे काय गाव हाय का, रोज दवंडी पिटायला? तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. पूर्वी हे अंक टपालानं यायचे. पाकीट फोडून दाराजवळच्या फळीवर मांडले, की येणारा-जाणारा हात लावायचा. आता छापील येत नाहीत. विद्यापीठ बाहेरच्या कंपन्यांकडं वर्गणी भरतं, आणि त्या कंपन्या त्यांचं कोठार आपल्या पोरांना संगणकावर उघडून देतात. जगभरातले लेख त्यात असतात.

"पर आल्यालं दिसत न्हाय," सर म्हणाले, "आन् पडून ऱ्हायल्यालंबी दिसत न्हाय. घरात पाव्हणा येऊन बसलाय आन् कुणी त्याला पाणीबी विचारलं न्हाय, असं हाय हे, मावशी."

हे मला पटलं. तरी मी म्हटलं, की दवंडी जेवण झाल्यावर द्या, भाकरी गार होते. त्यांनी ते ऐकलं नाही.

माणूस म्हणून ते सोपे नव्हते. माझ्या स्वयंपाकाला त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही चांगलं म्हटलं नाही. "भाजी वाढू का" म्हटलं की विचारायचे, कुठली? वांग्याची म्हटलं की विचारायचे, भरली का रस्सा? सगळ्यांना वाढते तेच तुम्हाला, म्हटलं की कपाळाला आठी. 'सगळं' हा शब्द त्यांना चालायचा नाही. एखादा विद्यार्थी जेवताना त्यांच्या शेजारी येऊन बसायचा आणि लाडीगोडीनं म्हणायचा, सर, माझ्या विषयावरचं सगळं काढून द्या ना. सर हातातला घास ताटात ठेवून त्याच्याकडं बघायचे. सगळं म्हणजे काहीच नाही, जा आणि प्रश्न घेऊन ये. एवढं बोलून त्याच्याकडं पाठ करायचे. पाठ करायचे म्हणजे खरंच ताट घेऊन उलट्या दिशेला तोंड करून बसायचे. पोरं त्यांना टरकून असायची. काही पोरं ग्रंथालयात जाणंच टाळायची आणि फोनवर सापडेल ते उतरवून काम भागवायची. हे सरांना कळत नव्हतं. त्यांना वाटायचं, आपण शिस्त लावतोय.

प्रश्न घेऊन आलेल्याची परीक्षा मात्र माझ्या खानावळीत व्हायची, आणि त्यात मला ओढायचे. "मावशीला सांग," म्हणायचे. "मराठीत, एका वाक्यात. मावशीला कळला तर यंत्राला विचारायचे शब्द सापडतील." एका पोरानं मला त्याच्या प्रबंधाचं नाव सांगितलं. ते संपेपर्यंत माझी अर्धी चपाती लाटून झाली. शेवटी 'एक चिकित्सक अभ्यास' आलं तेव्हा कळलं की संपलं. मी म्हटलं, "तू काय शोधतोयस ते मला कळलं न्हाय, आन् तुलाबी कळलेलं दिसत न्हाय. भात घे." सर इतके खूश झाले की भात त्यांनी स्वतःच वाढला त्याला.

यात माझी काही हुशारी होती असं समजू नका. एक गणितवाली पोरगी आली होती. तिनं पाटा-वरवंटा, शेवयांचा पाट, दोरीचा पीळ, सगळ्यांचे दाखले देऊन मला सांगायचा प्रयत्न केला. मी हो-हो म्हणत राहिले, शेवटी कंटाळून म्हटलं, मला नाही कळत. सरांनी जाहीर केलं, गणिताला सूट. त्या दिवसापासून गणितवाली पोरं माझ्याकडं बघून हसायची.

एकदा त्यांनी मलाच ग्रंथालयात नेलं. कंपनीच्या करारात म्हणे असं असतं, की इमारतीत येऊन बसणारा कुणीही बाहेरचा माणूस वाचू शकतो, त्याला विद्यार्थीच असावं लागत नाही. हे कलम त्यांना फार आवडायचं. म्हणून ते रस्त्यावर दिसेल त्याला आत बोलवायचे. पंक्चरवाला गेला होता, एक नर्सबाई गेली होती. मला म्हणाले, तुमी काय विचारणार, ते ठरवून या. मी दोन दिवस विचार करून ठरवलं. जुन्या ज्वारीची भाकरी का तुटते? नव्या ज्वारीची थापताना कडा धरते, तीच ज्वारी वर्षभर राहिली की पीठ सुटं पडतं. का?

गार खोलीत मी पदर लपेटून बसले. सरांनी शब्द बदलून बदलून विचारलं, आणि खरंच निघालं. कुठल्या कुठल्या लोकांनी प्रयोगशाळेत भाकऱ्या करून, मोजून, वाकवून पाहिल्या होत्या. सर वाचून मराठीत सांगत होते. गरम पाण्यानं पीठ का धरतं ते होतं. कुठल्या वाणाची भाकरी मऊ होते ते होतं. पण वर्षभर ठेवलेल्या ज्वारीचं जे मी विचारलं होतं, ते त्या दिवशी काही सापडलं नाही. मी म्हटलं, म्हणजे माझी दुपार वाया गेली. तर हा माणूस हात चोळत म्हणाला, "न्हाय ओ. जागा रिकामी हाय म्हणजे. कुणीतरी बसंल की तितं." सापडलं नाही म्हणून आनंद होणारा माणूस त्यापूर्वी मी पाहिला नव्हता. येताना मला त्यांनी चहा पाजला. चहा वाईट होता.

आता ते निवृत्त होऊन नातेपुत्यात असतात. स्वेटर अजून घालतात की नाही ते मला माहीत नाही. त्यांच्याबद्दल लोक मला विचारतात ते गांडुळाचे आणि स्वेटराचे किस्से. पण मला सांगायचं आहे ते वनिताचं, कारण त्यात तो माणूस पुरता दिसला.

वनिता माझ्या मागच्या खोलीत राहायची. केमजवळच्या वस्तीवरची. अंगानं काडी, आणि जेवायला अशी भराभर की कुणी ताट ओढून नेणार आहे. त्यांची डाळिंबाची बाग होती. तेल्या रोग आला. फळावर तेलकट काळे डाग पडतात, मग फळ उकलतं आणि संपतं. एका हंगामात बाग गेली. तिच्या वडलांनी, आप्पांनी, झाडं तोडून बांधावर जाळली. ही तेव्हा कॉलेजात होती. पुढं तिनं पीएच.डी.ला हाच रोग घेतला. झाडाच्या पानावरच काही चांगले जंतू असतात, ते या रोगाच्या जंतूला अडवू शकतात का, असं तिचं काम. प्रयोग सगळे झाले होते. जगात इतरांना याबद्दल काय आढळलं, ते शेवटच्या प्रकरणात मांडायचं राहिलं होतं. मुदत एकदा वाढवून घेतलेली, परत वाढणार नव्हती. जूनअखेर प्रबंध दिला नाही तर नाव कमी होणार होतं. भावकीतले लोक आप्पांना येता-जाता विचारायचे, पोरीचं शिक्षण संपणार हाय का म्हातारी होईस्तोवर चालणार? आप्पा ऐकून घ्यायचे. त्यांनी ऐकून घेतलेल्या वर्षांचं काहीतरी व्हावं, एवढंच तिच्या डोक्यात असायचं.

त्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, आणि मे महिनाभर घरी जाणं भाग पडलं. घर सांभाळायचं आणि तिथंच बसून प्रकरण लिहायचं. वस्तीवर फोनला रेंज नाही. बांधावरच्या चिंचेखाली एक काडी येते, ती पण वारा असेल तर. म्हणजे जे न्यायचं ते इथूनच न्यायला हवं. ती सरांकडं गेली आणि म्हणाली, सर, डाळिंबावरचं सगळं पाहिजे. सरांनी परत पाठवली. पुन्हा गेली, तेल्यावरचं सगळं पाहिजे म्हणाली. पुन्हा परत. त्यानंतर ती गेली नाही.

त्या आठवड्यात मी गच्चीवर कुरडया घालत होते. पावसाळ्याची बेगमी. वनिता चीक हलवायला बसली होती. म्हणाली, मावशी, मीबी माझी बेगमी करून घेते. मी म्हटलं, घे की. मला वाटलं, शेंगाचटणी, लोणचं असं काही म्हणतीय.

तिनं काय केलं ते नंतर कळलं. वर्गातल्या कुणीतरी तिला एक छोटा प्रोग्राम दिला होता. तो लावून ठेवला की एकामागून एक लेख आपोआप उतरवून घेतो. तिनं ग्रंथालयातल्या संगणकाला पेनड्राइव्ह लावला, प्रोग्राम सुरू केला आणि माझ्याकडं येऊन पिठलं-भाकरी खाल्ली. ती जेवत होती तोवर तिकडं वर्षावर्षांचे अंक ओढले जात होते. डाळिंबाचे, पेरूचे, रोगांचे, खतांचे, जे जे त्या कोठारात होतं ते.

दुसऱ्या दिवशी सर लवकर आले. ताट येण्याआधीच उभे राहिले. म्हणाले, "आज काय न्हाय. दार बंद झालंय."

कंपनीच्या यंत्रानं बघितलं होतं, की सोलापूरच्या विद्यापीठातून कुणीतरी एका बैठकीत माणसाला जन्मात वाचता येणार नाहीत इतके लेख उपसतंय. माणूस असं वाचत नाही, चोर असं नेतो. म्हणून त्यांनी पूर्ण विद्यापीठालाच बंदी घातली. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, सगळ्यांना. जेवणारी पोरं भडकली. कुणाची परीक्षा तोंडावर, कुणाला दोन लेख हवेच होते. कुणी केलं असंल हे, म्हणून नाही नाही ते बोलायला लागली.

वनितानं ताट खाली ठेवलं. म्हणाली, "मी केलंय."

लातूरवाला पोरगा नुसता तिच्याकडं बघत राहिला. सरांनी विचारलं, "त्यातले वाचलेस किती?"

"एकबी न्हाय."

सर खाली बसले. जेवले नाहीत. मग हळू आवाजात, पण सगळ्यांच्या देखत, त्यांनी तिला सांगितलं की दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या समितीची बैठक आहे, समिती नाव मागणार आहे, आणि अशा गोष्टीला ग्रंथालयाचं सभासदत्व रद्द होतं. सभासदत्व रद्द झालं की ग्रंथालय 'काही बाकी नाही' असा दाखला देत नाही. तो दाखला जोडल्याशिवाय विद्यापीठ प्रबंध घेत नाही. म्हणजे प्रयोग झाले, वर्षं गेली, आणि दारातच सगळं पडणार.

वनिता रडायला लागली. मी म्हटलं, रडायचं असंल तर ताट बाजूला सार, आमटीत आधीच मीठ जास्त झालंय. ते खरंच झालं होतं.

पोरं गेल्यावर सर गेले नाहीत. मी दाराशी सुपात ज्वारी निवडत बसले. त्यांनी वनिताला तिचा लॅपटॉप आणि तो पेनड्राइव्ह आणायला लावला. कंपनीची अट होती, की उतरवलेलं सगळं पुसायचं आणि ज्यानं केलं त्यानं तसं लेखी कळवायचं. सर म्हणाले, "पूस. पर पुसायच्या आधी सांग, ह्यातलं तुला पायजे काय?"

तिला सांगता येईना. प्रबंधाचं नाव सांगायला लागली. सरांनी हात वर केला. "मला न्हाय. मावशीला सांग."

ती माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मीच दार बंद केलं. मग सुपाकडं बघत, रागानं बोलायला लागली. "मावशी, आमची समदी बाग गेली. पर हिरीकडंचं एक झाड गेलं न्हाय. तीच माती, तेच पाणी, एकाच रोपवाटिकेतनं आणलेलं. त्याच्या चारी बाजूची झाडं काळी पडली, आन् त्याला चार-दोन फळांवर डाग, बास. आप्पांनी ते तोडलं न्हाय. मी त्याच्या पानावर जंतू शोधले आन् सापडले. आता मला इतकंच बघायचंय, दुसरीकडं कुटं कुणाच्या बागेत असं एखादं झाड वाचलं का, आन् वाचलं तर त्येच्या पानावर त्येंला काय घावलं."

मी म्हटलं, "हे कळलं मला."

सर तिच्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "मग इतके दिवस हे का बोलली न्हाईस?"

"तुमी बोलू कुटं दिलं, सर? 'सगळं' म्हटलं की दारातनंच परत. मला धड विचारता येत न्हवतं म्हणून तर तुमच्याकडं आले होते की."

मी निवडायची थांबले. सरांनी लॅपटॉप स्वतःकडं ओढला. मग म्हणाले, "बरोबर हाय तुझं." इतक्या वर्षांत त्या माणसाच्या तोंडून हे शब्द मी दुसऱ्या कुणासाठी ऐकले नव्हते.

मग दोघं बसली. यादीतलं एकेक नाव वाचायची, त्या झाडाशी त्याचा काही संबंध आहे का बघायची, आणि टाकून द्यायची. पेरू टाकला, खतं टाकली, डाळिंबाच्या सालीच्या रंगाबद्दलचं टाकलं. संध्याकाळच्या भाज्या चिरून झाल्या तेव्हा एका पानावर मावतील इतकी नावं उरली. ती लिहून घेतली आणि बाकी पुसलं. यादीत उरलेले लेखही पुसले. सर म्हणाले, पुसायचं म्हणजे पुसायचं, ते परत रीतसर मागू. कणगी रिकामी होताना बघावं तशी वनिता पडद्याकडं बघत होती. कंपनीला पत्र तिनं स्वतः इंग्रजीत लिहिलं. सरांनी त्यातल्या विनवण्या काढायला लावल्या. माफी एकदा माग, कारण खरं लिही, म्हणाले.

बैठकीचं मला सरांनीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, जेवताना. त्यांना रंगवून सांगता येत नसे, त्यामुळं तसंच झालं असणार. त्यांनी समितीला वनिताचं नाव सांगून टाकलं. मी उलथनं खाली ठेवलं आणि म्हटलं, कसला माणूस हाय हा? पोरीचं नाव कशाला दिलंत?

"खोटं लिवायचं न्हाय, मावशी. पर तिचं एकटीचं दिलं न्हाय. माझंबी दिलं."

त्यांनी समितीला सांगितलं होतं, की ही मुलगी माझ्याकडं मदत मागायला आली आणि मी परत पाठवली. दारातून घेतली नाही म्हणून तिनं भिंतीला भोक पाडलं. शिवाय काय चालतं आणि काय नाही, ते नियम इंग्रजीत, बारीक अक्षरात आहेत. मी रोज अंकांची दवंडी दिली, नियमांची एकदाही दिली नाही. तेव्हा सभासदत्व रद्द करायचं तर दोघांचं करा. आणि त्यांनी खिशातून स्वतःचं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. अध्यक्ष म्हणाले, ही थट्टेची जागा नाही. सर म्हणाले, मी थट्टा करत नाही. आणि ते करत नव्हतेच. त्यांना थट्टा यायची नाही. ते समितीलाही ठाऊक होतं, म्हणून सगळे अडचणीत आले. बराच वेळ कुणी त्या ओळखपत्राला हात लावेना.

शेवटी ठरलं ते असं. कंपनी दार उघडेपर्यंत वनितानं ग्रंथालयात पाऊल ठेवायचं नाही. सभासदत्व राहील, दाखला मिळेल. आणि सरांनी पुढं प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला नियम मराठीत समजावून सांगायचे, मगच पासवर्ड द्यायचा.

"ही काय शिक्षा हाय व्हय?" सर म्हणाले. "हे तर माझं काम हाय." आणि त्या दिवशी त्यांनी भाकरी मागून घेतली.

पण दार लगेच उघडेना. कंपनीचं उत्तर येईना, आणि वनिताची गावी जायची तारीख आली. तेव्हा सरांनी तो नावांचा कागद घेतला आणि फोनवर बसले. दुसऱ्या विद्यापीठांतले ग्रंथपाल त्यांच्या ओळखीचे. एकमेकांना नडीला एखादा लेख पाठवायची त्यांच्यात रीत असते. पूर्ण कोठार कुणी देत नाही, पण नेमकं एक नाव सांगितलं तर देतात. काही तसे आले. जे आले नाहीत, त्यांच्यासाठी सरांनी वनिताला सांगितलं, लिहिणाऱ्यालाच लिही, तोही माणूसच आहे, आपलं कुणी वाचायला मागतंय म्हटल्यावर त्याला बरं वाटतं. तिला हे धाडसाचं वाटलं. तरी लिहिलं. विहिरीकडच्या झाडाबद्दल लिहिलं.

बऱ्याच जणांनी उत्तर दिलं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या एका बाईंनी दिलं. त्यांनी आपला लेख पाठवला, अजून छापला न गेलेला दुसराही पाठवला, आणि खाली विचारलं, की ते झाड अजून उभं आहे का, आणि तुला त्यावर काय मिळालं ते मला सांगशील का. वनितानं ते पत्र मला वाचून दाखवलं, मराठी करून. मग परत इंग्रजीत वाचलं, स्वतःसाठी. मी म्हटलं, बाई दिसते भली, उत्तर दे लवकर. ती म्हणाली, मावशी, मला विचारलंय तिनं. मी म्हटलं, व्हय, ऐकलं की.

गावी जाताना तिच्याकडं पिशवीत एवढेसे कागद होते. चुलीपुढं, आईच्या डोळ्यांत औषध घालून झाल्यावर, ते तिनं सगळे वाचले. जूनमध्ये प्रबंध दिला. कंपनीनं दार उघडलं, ते त्याच्या आधी कधीतरी. सरांनी खानावळीत ते सांगितलं आणि मग नियम सांगायला लागले ते इतका वेळ, की पोरांची ताटं वाळली.

तोंडी परीक्षा थंडीत झाली. ती सगळ्यांना बघता येते, म्हणून मी गेले. केमवरून आप्पा आले होते, धुतलेला पांढरा सदरा, टोपी, आणि पायात नवी चप्पल, ती चावत होती. आम्ही दोघं शेवटच्या रांगेत. पडद्यावर चित्रं येत होती, वनिता इंग्रजीत बोलत होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मधेच मराठीत विचारलं, की यानं तेल्या बरा होईल का. वनिता म्हणाली, नाही, सर. बरा होणार नाही. काही झाडांवर अडवता येतो, एवढं मला दिसलंय. शेतात अजून करून बघायचंय. परीक्षकांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. आप्पांनी मला कोपरानं ढोसलं, "ताई, पास का नापास?" मी म्हटलं, अजून बोलतायत. थोड्या वेळानं टाळ्या वाजल्या, तेव्हा मी म्हटलं, पास.

सर आले नव्हते. आप्पांना त्यांना भेटायचं होतं, म्हणून आम्ही तिघं ग्रंथालयात गेलो. सर त्या गार खोलीत एकटेच होते. त्यांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. आप्पांना खुर्ची दिली आणि कुणालाही विचारतात तसं विचारलं, काय विचारायचं आहे?

आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. काही विचारायचं आहे असं त्यांच्याही मनात नसावं. पण विचारलंय म्हटल्यावर त्यांनी विचार केला. मग म्हणाले, "त्या रानात पुन्ना डाळिंब लावावं म्हनतोय. किती खड्डे घिऊ?"

सरांनी सवयीनं कळफलक पुढं ओढला. दोन शब्द उमटवलेही असतील. मग हात थांबला. तो कळफलक त्यांनी बाजूला सारला आणि वनिताकडं बोट केलं.

"हे अजून कुटंच छापलेलं न्हाय. ह्यांना विचारा."

आप्पांनी खुर्ची वळवली. पोरीकडं बघितलं. घरात बघतात तसं नव्हे, तालुक्याच्या कचेरीत समोरच्या माणसाकडं बघतात तसं. तिनं विचारलं, विहिरीपासून मोकळी जागा किती आहे? बांधाच्या अलीकडं काय पेरलंय? आप्पांनी नीट सांगितलं.

"मग वीस घ्या," ती म्हणाली. "दोन झाडांत अंतर जास्त सोडा, वारं खेळलं पायजे. आन् रोपं आणू नका अजून, मी सांगते तवा आणा."

"बरं," आप्पा म्हणाले, आणि टोपी घातली.